मागच्या सीटवरची झोप

गेल्या डिसेंबरात एका रविवारी सकाळी आपला शेजारचा शाम गाडीत पेट्रोल भरायला निघाला. बस, एवढंच काम होतं. भुताबिताचा तिथे काही संबंध नव्हता, तेव्हा वेदांत, आत्तापासूनच शाल डोक्यावर ओढू नकोस. प्राची, तू जिन्यातला दिवा मालव आणि इथे येऊन बस. रामभाऊ आजोबा रात्री गच्चीवर बसवून घाबरवतात, असं उद्या आईला सांगायचं नाही. मी स्वतः फारसं काही पाहिलेलं नाही. शामनं सांगितलं तेच सांगतोय, आणि शाम थापा मारणारा माणूस नाही. त्याच्याकडे तेवढी कल्पनाशक्तीच नाही.

तर शाम गाडीत बसला आणि त्याचे गुडघे स्टेअरिंगवर आपटले. तुम्ही बघता ना त्याला, ताडमाड माणूस. त्याची सीट कायम पार मागे. त्या दिवशी कुणीतरी ती पुढे ओढून ठेवलेली. वरचा आरसासुद्धा वाकवलेला. मागचा रस्ता दिसायला हवा, तिथे मागची सीट दिसत होती. आणि पेट्रोलचा काटा तळाशी. आठवडाभर शाम स्कूटरनं ऑफिसला गेला होता, गाडी दारातून हललीच नव्हती.

आता ती गाडी म्हणजे काय चीज आहे ते ऐका. सोळा वर्षांची म्हातारी. ड्रायव्हरचं दार बाहेरून उघडतच नाही. आधी डावीकडून आत वाकायचं, मग आतून उघडायचं. रिव्हर्स टाकायचा तर गिअर आधी तिसऱ्यापर्यंत नेऊन आणायचा, नाहीतर असा खरखराट होतो की अख्खी गल्ली जागी होते. स्टेअरिंग पार उजवीकडे कापलं की हॉर्न आपोआप वाजतो. हे सगळं ठाऊक असल्याशिवाय ती गाडी कुणाच्या बापाच्यानंही हलायची नाही. म्हणजे चोर घरचाच, असं शामनं ठरवलं, आणि घरात त्याच्या मते चोर एकच होता.

गाडी मूळची त्याच्या सासूची. मनोरमाबाई इथेच इंदुरात, बड्या गणपतीच्या देवळापाशी राहायच्या, शाळेत मास्तरीण होत्या. नवऱ्यानं हौसेनं गाडी घेतली आणि वर्षाच्या आत तो गेला. बाईंनी चाळिशी उलटल्यावर ती चालवायला शिकून घेतली. गेल्या पावसाळ्यात त्याही गेल्या. भाड्याचं घर सोडावं लागलं, आणि गाडी इकडे आपल्या अन्नपूर्णा भागात लेकीकडे, शामच्या बायकोकडे, अमिताकडे आली. गाडीबरोबर अमिताचा धाकटा भाऊ भूषणही आला. गाडी आली ते शामला आवडलं. मेव्हणा आला ते मुळीच नाही.

पोरगा वाईट नव्हता रे. नोकरी सुटली होती, आई गेली होती. दिवसभर गुमान बसायचा आणि रात्रभर घरात येरझाऱ्या घालायचा. पण एकदा संशयाचं भूत मानगुटीवर बसलं की माणसाला गप्प बसणारासुद्धा आतल्या गाठीचा वाटतो.

शामनं पाळत ठेवली. आपल्या गल्लीत गाड्या न्यूट्रलमध्ये ठेवायची पद्धत आहे, हँडब्रेक न लावता. ज्याला वाट हवी तो ढकलतो आणि जातो. त्यामुळे गाडी चार हात इकडची तिकडे झाली तरी कुणी विचारत नाही. पण एक मांजर होतं. गल्लीतल्या सगळ्या गाड्या सोडून ते रोज पहाटे शामच्याच बॉनेटवर मुटकुळं करून झोपायचं. थंडीत मांजर ऊब बघूनच बसतं. शामनं त्याला हुसकावलं आणि बॉनेटवर हात ठेवला. बॉनेट गरम होतं.

त्या रात्रीपासून तो किल्ली उशीखाली घेऊन झोपायला लागला. पहाटे उठून बघितलं, बॉनेट पुन्हा गरम. म्हणजे दुसरी किल्ली बनवलेली दिसते! भूषणला तर गाडी येत नव्हती. पण त्याचा एक मित्र होता, बंटी. तो दुसऱ्याची टॅक्सी चालवायचा, आणि होता बुटका. बुटका आहे म्हणून सीट पुढे. मागच्या सवारीवर नजर ठेवतो म्हणून आरसा वाकडा. शामनं मनातल्या मनात खटला चालवला, साक्षी काढल्या आणि निकालसुद्धा देऊन टाकला.

तो त्यानं सुनावला नेमका सहा जानेवारीला. मंगळवार होता, अंगारकी, आणि तीच तीळ-चौथ. खजरान्याच्या गणपतीला जत्रा भरते ना, ती. इकडे राहून राहून आपल्या मराठी बायकासुद्धा त्या दिवशी मुलांसाठी उपास धरतात.

"गाडी रात्री कोणाला देतोस?" शामनं विचारलं.

"मी? कोणालाच नाही, जिजाजी."

"मग मागच्या सीटवर गोधडी कोणाची आहे?"

भूषण खाली बघायला लागला. "माझी. मी झोपतो तिथे. घरात झोप लागत नाही मला, गाडीत पडलो की लगेच लागते. बाबा गेले तेव्हा पण असंच झालं होतं. तेव्हा आई रोज रात्री मला मागे झोपवून एक चक्कर मारायची. मी झोपलो की घरी आणायची."

"आणि आता कोण मारतंय चक्कर? तू मागे झोपलेला, गाडी इंदूरभर फिरते, आणि तुला पत्ताच नाही? वा भिया, वा!"

"सच में नाही माहीत, जिजाजी. पहाटे अंधारातच उठून आत येतो, तेव्हा गाडी इथंच असते."

"बंटीला किल्ली देतोस आणि वरून मला बहाणे सांगतोस. उचल बॅग."

अमिता मध्ये पडली. "अहो, आज चौथ आहे. आई आज त्याच्यासाठी पाणीसुद्धा प्यायची नाही. आजच्या दिवशी तरी कोणाच्या लेकाला घराबाहेर काढू नका ना."

"उपास तुमचा, घर माझं," शाम म्हणाला. असं बोलला तो. मला हे त्यानंच सांगितलं, आणि सांगताना मान वर केली नाही.

भूषण बॅग घेऊन निघाला. स्टँडवर थांबतो, सकाळच्या बसनं पुण्याला मित्राकडे जातो, एवढंच बहिणीला म्हणाला. नऊच्या पुढे चंद्र उगवला. अमितानं अर्घ्य दिलं, पण ताटावर बसली नाही. आत जाऊन तिनं दार लावून घेतलं.

आता शामची पंचाईत झाली. बंटी पकडला गेला तर अमिताचं तोंड बंद. नाही पकडला गेला, तर निरपराध पोराला थंडीत हाकलल्याचं पाप कायमचं डोक्यावर, आणि बायको ते जन्मभर विसरणार नाही. भूषण घर सोडून गेलाय हे बंटीला कुठून कळणार? तो आज येणारच, असा शामनं हिशेब केला. सगळी गल्ली निजल्यावर तो माकडटोपी घालून खाली उतरला, गाडीच्या मागच्या सीटवर आडवा झाला आणि भूषणची गोधडी डोक्यापर्यंत ओढून घेतली. चोर बसला की मानगूट धरायची. किल्ली त्यानं मुठीत घट्ट धरली होती.

पडून राहिला. पाय सीटवर मावत नव्हते. कुठेतरी कुत्रं भुंकलं आणि थांबलं. चौकीदाराची शिट्टी दुसऱ्या गल्लीत गेली. शामचा डोळा लागला असावा, किंवा नसावा. तो म्हणतो, नाही लागला.

दार उघडलं.

ड्रायव्हरचं दार. बाहेरून.

शामला हे लगेच उमगलं नाही. तो मनात म्हणाला, आलास का बेट्या. कुणीतरी बसलं. पण गाडी दबली नाही. माणूस बसला की जुनी गाडी थोडी खाली जाते ना... ती गेली नाही. मग सीट कर्रकन पुढे सरकली. वरचा आरसा हलल्याचा बारीक आवाज आला.

गाडी सुरू झाली.

आणि किल्ली शामच्या मुठीत होती. तिचे दात त्याला तळव्यात टोचत होते.

रिव्हर्स पडला. खरखर नाही, काही नाही. लोण्यासारखा. गाडी गल्लीबाहेर निघाली. शामला ओरडायचं होतं. तोंड उघडेना. त्यानं गोधडीच्या फटीतून एक डोळा बाहेर काढला. पुढच्या सीटच्या वर डोकं दिसत नव्हतं, इतकं कुणीतरी ठेंगणं... स्टेअरिंगला टेकून बसलेलं. रस्त्यावरचे दिवे एकेक करून मागे जात होते. एका दिव्याखाली आरशात काहीतरी चमकलं.

चष्म्याची काच.

त्यानं डोळा मिटून घेतला. गाडी सावकाश चालली होती. खड्डा आला की आधीच हळू व्हायची. मागचं माणूस जागं होऊ नये म्हणून. शामच्या दातांवर दात वाजत होते, ते ऐकू जाऊ नये म्हणून त्यानं गोधडीचं टोक तोंडात कोंबलं.

मग आवाज आला. अगदी हळू.

"भूषण..."

...

"लागली का रे झोप?"

शाम हलला नाही. उत्तर दिलं तर आवाजावरून कळणार. नाही दिलं तर... गाडी कडेला थांबली. इंजिन चालूच. पुढून एक हात मागे आला. त्यानं पाहिला नाही, फक्त गोधडी ओढली जाताना जाणवली. पायांवर नीट पसरत होता तो हात. पसरता पसरता खालपर्यंत गेला. शामचे पाय लांब. गोधडीच्या बाहेर आलेले.

हात पायाशी थांबला.



"शामराव?"

त्याला शामराव म्हणणारं माणूस जगात एकच होतं. सहा महिन्यांपूर्वी त्यानंच त्या माणसाला खांदा दिला होता.

"हो... आई."

"भूषण कुठंय?"

...

"शामराव, भूषण कुठंय?"

"स्टँडवर."

"एवढ्या थंडीत?"

 तो सांगतो की त्या क्षणी भीती कुठल्या कुठे गेली आणि त्याला फक्त लाज वाटली. शाळेत बाकावर उभं केल्यासारखी. मग अंधारात एक आवाज सुरू झाला. टक... टक... टक... इंडिकेटरचा. रिकाम्या रस्त्यावरसुद्धा इंडिकेटर देणारं मनोरमाबाईंशिवाय इंदुरात कुणी झालं नाही. गाडी वळली. हॉर्न वाजला नाही.

गाडी थांबली तेव्हा शामनं डोळे उघडले नाहीत. काचेवर टकटक झाली तेव्हा उघडले. बाहेर भूषण उभा होता. स्टँडवरच्या बाकावरून उठून आलेला, डोळे तारवटलेले, मफलरमधून वाफ निघत होती.

"जिजाजी! तुम्ही? गाडी ओळखली म्हणून धावत आलो." मग त्यानं आत वाकून बघितलं. "पण तुम्ही मागे का? चालवत कोण होतं?"

पुढची सीट रिकामी होती. इंजिन चालू होतं.

शाम कसाबसा उतरला. "बस मागे," म्हणाला. "झोप. घरी चाललोय आपण."

"पण मी तर..."

"बस म्हटलं ना रे, बाबा."

शाम ड्रायव्हरच्या सीटवर बसला. गुडघे स्टेअरिंगला घासत होते, पण सीट मागे सरकवायची त्याची हिंमत झाली नाही. आरशाला हात लावायचीही नाही. त्या आरशात त्याला घरापर्यंत भूषणच दिसत होता. पहिल्या चौकाच्या आत पोराचा डोळा लागला होता.

दारात आल्यावर त्यानं भूषणला उठवलं नाही. चारही दारं लावून घेतली, खेचून बघितली आणि समोर पायरीवर बसला, गाडीकडे तोंड करून. किल्ली मुठीतच होती. उजाडेपर्यंत त्यानं पापणी हलवली नाही, असं तो शपथेवर सांगतो. कुणी आलं नाही. कुणी गेलं नाही. मी पहाटे दूध आणायला उतरलो, तेव्हा मी स्वतः त्याला तिथे बसलेला बघितलाय.

उजाडल्यावर अमिता चहा घेऊन बाहेर आली. गाडीत भाऊ बघून तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. शामनं दार उघडलं. भूषण आळस देत उठून बसला, म्हणाला, महिन्याभरात अशी झोप लागली नव्हती.

अमितानं त्याच्याकडे बघितलं आणि कप तसाच हातात राहिला.

"डोक्याला तेल कोणी लावलं रे?"

भूषणनं डोक्यावर हात फिरवला आणि समोर धरला. हात तेलानं माखला होता. ताजं तेल, कानशिलावरून ओघळत होतं. केस चापूनचोपून बसवलेले, आणि डाव्या बाजूनं सरळ भांग, शाळेत जाणाऱ्या पोराचा असतो तसा. शामनं संशयानं अमिताकडे बघितलं. अमितानं शामकडे बघितलं. आवळ्याच्या तेलाचा वास होता तो, आणि त्या घरात आवळ्याचं तेल कुणी आणतच नाही.