म्हातारीच्या दातांपलीकडे

भर समुद्रात काळ्या सुळक्यांची एक वाकडीतिकडी रांग होती. तिला सगळे 'म्हातारीचे दात' म्हणत. त्या दातांपलीकडे पोवळ्यांनी भरलेलं एक निवांत तळं आहे, असं बंदरावरचा प्रत्येक जण छातीठोकपणे सांगे. पण तिथे जाऊन आलेला माणूस मात्र कुणालाच दाखवता येत नसे. ते तळं शोधायचं आणि पर्यटकांच्या होड्या आत नेता येतील अशी वाट काढायची, एवढ्यासाठी त्या सकाळी चौघं निघाली होती.

सुकाणूवर थोरली होती, घरातली मोठी सून. इंजिनापाशी तिचा दीर. पुढच्या टोकाला, नाळेवर, दिराची बायको, धाकटी, पाण्याखाली बघायचा चष्मा कपाळावर चढवून बसलेली. आणि मधल्या फळीवर, मांडीत बादली घेऊन, पर्यटन कंपनीचा एजंट. बंदर नजरेआड व्हायच्या आतच त्याला बोट लागली होती.

"अजून किती लांब आहे हो?" त्याने बादलीतूनच विचारलं.

"आत्ताशी तर निघालोय," थोरली म्हणाली. "पोटात काही उरलं असेल तर जपून वापरा!"

दीर हसला. धाकटीही हसली, आणि ती हसली म्हणून थोरलीचं हसू मावळलं.

हे असं गेले दोन हंगाम चाललं होतं. किनाऱ्याजवळच्या पोवळ्यांच्या खडकावर या घराचं पोट होतं. होडीतून पाहुणे न्यायचे, पाण्यात उतरवायचे, मासे दाखवायचे. पण बंदरावरची प्रत्येक होडी तिथेच नांगर टाकत आली होती आणि पाहुणे पोवळ्यांवर उभे राहून फोटो काढत आले होते. जिथे बाग होती तिथे राखाडी चुरा उरला. मग धाकटी सून होऊन आली आणि तिने नियम काढले. एका वेळी मोजकेच पाहुणे. खाली पाय टेकायचा नाही. माशांना पाव टाकायचा नाही. खडकाची अर्धी बाजू बंद, तिला विश्रांती.

"पाहुणे काय शाळेत आलेत का?" थोरली तेव्हा म्हणाली होती. "आठवडाभरात पळतील सगळे!"

पळाले नाहीत. उलट "त्या नियमवाल्या बाईंची होडी कुठली?" असं विचारत येऊ लागले. कंपनीच्या पत्रकावर धाकटीचा फोटो झळकला. वीस वर्षं सुकाणू धरून थोरलीच्या तळहातांना घट्टे पडले होते, पण तिचा फोटो कुणी काढला नव्हता. कानामागून आली आणि तिखट झाली! तेही एक वेळ चाललं असतं. पण थोरलीची स्वतःची लेक उठता-बसता "काकू असं म्हणते, काकू तसं करते" म्हणायची, तेव्हा थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

अर्धा खडक सगळ्या हंगामाला पुरणार नव्हता. कंपनीला नवी जागा हवी होती आणि वाट काढेल त्यालाच काम, असं एजंटने सांगून टाकलं होतं. धाकटी म्हणाली, "आधी मला खाली उतरून बघू द्या. तळाला मोकळी वाळू असेल तर होडी बांधायला तरंगता बोया लावता येईल. नसेल तर नाही." वाट सुकाणूवाल्याला सापडते, बुडी मारणाऱ्याला नाही, हे थोरलीला पक्कं ठाऊक होतं.

सूर्य वर आला आणि समोर म्हातारीचे दात दिसले. लाटा त्यांच्यावर आपटून पांढऱ्याफेक होत होत्या. थोरलीने होडी लांबूनच रांगेला समांतर फिरवली. एकदा. पुन्हा एकदा. ती फेसाकडे बघतच नव्हती. दोन फेसांमधल्या काळ्या पाण्याकडे बघत होती. एका जागी लाट फुटायच्या ऐवजी नुसती फुगून आत जात होती.

"तिथे," ती म्हणाली.

"वहिनी, ती फट होडीएवढीच आहे!" दिराच्या तोंडचं पाणी पळालं.

"मग होडी मावेल की!"

एजंटने डोळे गच्च मिटले आणि डोकं बादलीत घातलं. पहिली लाट आली. थोरलीने ती जाऊ दिली. दुसरी आली, मोठी, मोहात पाडणारी. तीही जाऊ दिली. धाकटीने वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर भीती होती. थोरलीला ती भीती बघून बरं वाटलं, हे कबूल करायला हवं.

तिसरी लाट!

"सोड!"

इंजिन गरजलं. होडी लाटेच्या पाठीवर चढली. डावीकडे खडक, उजवीकडे खडक! हात लांब केला तर टेकेल इतके जवळ! सुकाणू हातातून सुटू पाहत होतं. थोरलीने ते छातीशी आवळून धरलं. तळातून कर्रर्र असा आवाज आला, होडी थरथरली, हिसका बसला, आणि एकाएकी सगळं शांत झालं.

होडी आत होती.

आत वारा नव्हता की लाट. पाणी इतकं नितळ होतं की होडी हवेत टांगल्यासारखी वाटत होती. खाली, या काठापासून त्या काठापर्यंत, पोवळीच पोवळी! जांभळी झुडपं, पिवळ्या पंख्यांसारखे पापुद्रे, मेंदूसारखे वळ्यावळ्यांचे गोटे, आणि त्यांच्या फटींतून माशांचे थवे एकदम उजळत, एकदम विझत. किनाऱ्याजवळचा खडकही कधीकाळी असाच होता. थोरलीने तो तसा पाहिला होता.

एजंटने डोळे उघडले आणि बादली फेकूनच दिली. "बाई! काय वाट काढलीत! तुमचाच फोटो लावतो बघा, दरवाजाएवढा! रोज सहा होड्या, सगळ्या तुमच्या हाताखाली!"

थोरलीने मान खाली घातली, पण तिचे कान ते शब्द मधासारखे चाटत होते.

धाकटी पाण्यात उतरली होती. बऱ्याच वेळाने ती होडीच्या कडेला वर आली. "ताई, कुठेच मोकळी वाळू नाही. बोया लावायचा तर पोवळी फोडून लावावा लागेल. इथे कुणाला आणायचं नाही."

"का गं?" थोरलीचा आवाज चढला. "वाट मी काढली म्हणून? तू काढली असतीस तर नियम करून आणली असतीस की माणसं!"

"ताई, तसं नाही—"

"तसंच आहे! एवढंसं माझ्या नावावर पडलं तर तुझ्या पोटात दुखतंय!"

धाकटीने चष्मा खाली ओढला आणि बुडी मारली.

भांडणाच्या नादात वारा फिरला हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. होडी हळूच सरकू लागली, दातांच्या रांगेकडे, आतल्या बाजूने. दिराने इंजिन सुरू केलं. ते खोकलं आणि बंद पडलं. "पंख्यात जाळं अडकलंय!" तो ओरडला. कुणीतरी समुद्रात टाकून दिलेलं जुनं जाळं पंख्याला करकचून गुंडाळलं होतं. तो सुरा घेऊन मागच्या बाजूने पाण्यात लोंबकळला. सुळके जवळ येत होते.

"नांगर टाका, नांगर!" एजंटने लोखंडी नांगर उचलून होडीच्या कडेवर आणला.

थोरलीने पाहिलं. तिने एक शब्द काढला नाही. नांगर पडला की पडला. होडी वाचेल, आणि वर वादही मिटेल. एकदा पोवळी फुटली की मग जपायचं काय? खाली कुठेतरी धाकटी होती. कुठे, ते दिसत नव्हतं. एक श्वास तसाच गेला, आणि तो श्वास थोरलीला जन्मभर पुरणार होता.

मग ती झेपावली! साखळी तिने दोन्ही हातांनी पकडली आणि नांगर एजंटसकट आत ओढला. दोघं फळीवर आपटली.

"खाली माणूस आहे!" ती किंचाळली. "माझी जाऊ आहे खाली!"

तिने वल्हं होडीच्या कडेवर धाडधाड आपटलं. धाकटी वर आली. थोरलीने दोर भिरकावला. "तो उघडा खडक! बांध!" धाकटीने दोर दातांत धरला आणि हात मारत सुटली. तळ्याच्या काठाशी पाण्याबाहेर आलेला एकच बोडका सुळका होता. दोर ताणला गेला. होडीने हिसका खाल्ला. थांबली! सगळ्यांत जवळचा दात वल्ह्याच्या अंतरावर होता.

दिराने जाळं कापून होडीत ओढलं. धाकटीला वर घेतलं तेव्हा तिचे तळवे सोलून निघाले होते. थोरलीने आपली ओढणी फाडून ते बांधले.

फटीकडे परतताना थोरलीने खाली पाहिलं. येताना जिथे कर्रर्र झालं होतं तिथे, जांभळ्या झुडपांमधून, एक पांढरा ओरखडा गेला होता. फांद्या मोडून पडल्या होत्या. एक होडी. एक फेरी. सुकाणू तिच्याच हातात होतं, आणि तिच्याहून सफाईने कुणी आणू शकणार नव्हतं. रोज सहा होड्या. तिने तो ओरखडा दिसेनासा होईपर्यंत पाहिला.

भरती चढली होती. या वेळी तळाला काही लागलं नाही.

बाहेर आल्यावर एजंटला पुन्हा बादली आठवली. "मग... पुढच्या आठवड्यापासून?"

"वाट नाही तिथे," थोरली म्हणाली.

"अहो, आत्ता तर आलो ना त्याच वाटेने!"

"कुठल्या फटीतून? सांगा बरं."

एजंटने मागे पाहिलं. मैलभर पांढरा फेस उसळत होता आणि सगळे दात सारखेच दिसत होते. दोन्ही वेळा त्याचे डोळे मिटलेले होते.

"मी कुणाला नेणार नाही," थोरली म्हणाली. "तुम्हाला कंपनीला सांगायचंच असेल तर सांगा, किनाऱ्याजवळच्या खडकावर बोये लावून द्या. एकाही होडीने नांगर टाकायचा नाही. कमी माणसं आणू, जास्त दिवस राहतील असं करू. हंगाम त्यातच काढू."

धाकटी चमकून तिच्याकडे बघत राहिली. दीर इंजिनाकडे बघत राहिला. मध्ये न पडण्याचा एवढा शहाणपणा त्याने त्या इंजिनाबाबत कधी दाखवला नव्हता.

फट दाखवता येत नव्हती, म्हणून एजंटने कंपनीला बोयांचंच सांगितलं, आणि बोये पुढच्या महिन्यात लागले. कंपनीचा फोटोवाला आला. पिवळ्या बोयाला दोर बांधणाऱ्या धाकटीचे त्याने दहा बाजूंनी फोटो काढले आणि थोरलीला म्हणाला, "बाई, तुमची सावली येतेय, जरा बाजूला व्हा." थोरली झाली बाजूला. पोटातली जुनी आग उठली, अगदी ठरल्या वेळी उठावी तशी. म्हातारीचे दात ओलांडणारी बाई आपण आहोत, हे तिला कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं की दुसऱ्या दिवशी दहा होड्या फट शोधत निघणार. एजंटचे डोळे मिटलेले होते; ते डोळ्यांनी पाहिलेली माणसं जगात दोनच, दीर आणि धाकटी. दिराला लाटांतलं काही कळत नव्हतं. उरली कोण, तर हीच!

फोटोवाला गेल्यावर धाकटी ओल्या अंगाने तिच्याशेजारी येऊन बसली. इकडे तिकडे पाहून हळूच म्हणाली, "ताई, एक विचारू? त्या दिवशी दुसरी लाट एवढी चांगली होती. ती का सोडलीत? मी असते तर तिच्यावरच गेले असते."

"आणि फुटली असतीस," थोरली फटकन म्हणाली.

"म्हणूनच विचारतेय ना. मला दिसलंच नाही तुम्हाला काय दिसलं ते."

थोरलीने तिच्याकडे रोखून पाहिलं. मग सरकून बसली, वल्ह्याचं टोक ओल्या फळीवर टेकवलं आणि पाण्याने एक रेघ काढली.

"बघ इकडे. ही पहिली..."