चौदाव्या आवृत्तीतली वात

स्वत्वसूची लिहून घ्यायला येणाऱ्यांनी काय खावं आणि काय खाऊ नये, याचा कागद मिरजेच्या त्या इस्पितळात दारातच हातावर ठेवत. केतकी हेरवाडकरांनी तो दोनदा वाचला. उपासाबद्दल त्यात काही नव्हतं, तेव्हा त्यांनी आपली एकादशी तशीच धरली.

स्वत्वसूची म्हणजे काय, हे आता शाळकरी मुलंही सांगतात. आपल्या रक्तातल्या पहारेकरी पेशी दिसेल त्याला एकच विचारतात, तू आमच्यातला की परका? परका असला तर त्याचा निकाल लावतात. काही माणसांत हे पहारेकरी भांबावतात आणि घरच्यांवरच उठतात. केतकीताईंच्या मूत्रपिंडांशी त्यांनी असंच वैर धरलं होतं. पूर्वी अशा पहारेकऱ्यांना गुंगी आणणारी औषधं देत. आता एका निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर नवी जनुकं घालून ती अस्थिमज्जेपर्यंत पोचवतात. त्या जनुकांत माणसाच्या स्वतःच्या पेशींची यादी असते, तीच स्वत्वसूची. यादीत असेल ते राहतं, नसेल ते जातं. आणि एकदा लिहिली की ती पुसता येत नाही, तिच्यात भरही घालता येत नाही.

केतकीताईंना हे नवीन नव्हतं. वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, संदर्भ विभागात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. पडद्यावरच्या माहितीत यंत्रांनी लिहिलेल्या खऱ्याखोट्याची इतकी सरमिसळ झाली होती, की जनुकोपचारात कायद्याने फक्त छापील संदर्भग्रंथ प्रमाण धरले होते, आणि तेही शेवटच्या आवृत्तीचे. नवी आवृत्ती आली की जुनीवर ‘बाद’ असा शिक्का. तो मारण्याआधी ताई पुस्तकाचं पान न् पान उलटत. कुणाचं काही राहिलेलं असे. एसटीचं तिकीट, पिंपळपान, एकदा तर एक अर्धवट प्रेमपत्र. ते सगळं त्या एका पत्र्याच्या पेटीत ठेवत, आणि मगच शिक्का उचलत.

इस्पितळातल्या डॉक्टर नाझनीन मुजावर याच ग्रंथालयात बसून शिकलेल्या. वाचता वाचता भडंग खाल्लं म्हणून तुम्ही मला बाहेर काढलं होतं, आठवतं का, असं त्यांनी आधी हसत विचारलं. ताई म्हणाल्या, आठवतं, पानाला तेल लागलं होतं. मग डॉक्टरांनी तपासणीचा कागद पुढे ओढला.

“ताई, तुमच्या रक्तात लाखामागे एक पेशी तुमची नाही.”

“मग कुणाची?”

डॉक्टरांनी सावकाश सांगितलं. बाळ पोटात असताना त्याच्या थोड्या पेशी नाळेवाटे आईच्या रक्तात येतात. त्या परत जात नाहीत. आईच्या अंगात घर करतात, एकीच्या दोन होतात, वर्षानुवर्षं राहतात. त्यांना पाहुण्या पेशी म्हणतात.

“माझं एकच बाळंतपण,” ताई म्हणाल्या.

“हो. ओवीच्या आहेत.”

ओवी नवव्या वर्षी मेंदूज्वराने गेली, त्याला अठरा वर्षं झाली होती. तेव्हापासून ताईंचा नेम होता, आंघोळ झाली की शंभर वाती वळायच्या, त्याआधी तोंडात पाणी घ्यायचं नाही. एक लाख व्हायला पावणेतीन वर्षं लागत. सातवा लाख चालू होता. लाख म्हणजे केवढे, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं, आणि त्या लाखातली एक केवढी, हेही.

ओवीला यादीत घ्यायचं की नाही, हे त्यांनी सोमवारपर्यंत सांगायचं होतं.

“ग्रंथ म्हणतो, घेऊ नका,” डॉक्टर म्हणाल्या. “पाहुण्यांमुळेच पहारेकरी बिथरतात म्हणे. घेतलं तर आजार उलटू शकतो. पण मला त्या पेशी जखमेपाशीच जास्त दिसतात. भांडायला जमल्यात की डागडुजीला, मला खरंच कळत नाही.”

घरी अवधूतरावांनी सगळं ऐकून घेतलं. ताटात बोट फिरवत ते एवढंच म्हणाले, “ओवी गेली तेव्हा आपण दोघं होतो, केतकी. तू गेलीस तर मी कुणाशी बोलू?”

शनिवारी ताईंनी ग्रंथालयातल्या कपाटातून रोगप्रतिकारशास्त्राची चौदावी आवृत्ती काढली. पान सहाशे बारा. तीनदा वाचलं. डॉक्टरीणबाईंना खरंच कळत नव्हतं, पण पुस्तकाला कळत होतं. शेवटच्या आवृत्तीत काय आहे ते बघ आणि मग बोल, असं त्या एकतीस वर्षं पोरांना सांगत आल्या होत्या. त्यांनी पुस्तक मिटलं आणि सोमवारी सही केली. यादीत एकच नाव होतं.

तिसऱ्या दिवशी ताप चढला. नर्स म्हणाली, चांगलं लक्षण आहे आजी, आत साफसफाई चाललीय. चार दिवस अंग भट्टीसारखं तापलं होतं आणि ताई उशीवर डोकं ठेवून मनातल्या मनात देवाचे आभार मानत होत्या. पाचव्या दिवशी ताप उतरला. महिन्याने मूत्रपिंडं सुधारल्याचा कागद आला. त्यावर खाली लिहिलं होतं, परक्या पेशी शून्य. आता तुमच्यात फक्त तुम्हीच आहात, असं डॉक्टर म्हणाल्या, पण म्हणताना त्यांनी वर पाहिलं नाही.

आठ महिन्यांनी पंधरावी आवृत्ती आली. नोंद करण्याआधी ताईंनी ते प्रकरण शोधलं. पाहुण्या पेशी जखमेकडे धाव घेतात, असं आता सिद्ध झालं होतं. तिथे त्या मोडलेलं जोडतात, आईचं झिजलेलं भरून काढतात. आजाराशी त्यांचा संबंध नाही. सूची लिहिताना त्यांना वगळू नये.

चार दिवसांचा तो ताप त्यांना अंगभर आठवला, आणि त्या तापात मानलेले आभारही.

मग त्यांनी चौदावी आवृत्ती पुढ्यात घेतली आणि नेहमीसारखं पान न् पान उलटलं. सहाशे बाराव्या पानात वात निघाली. त्या शनिवारी खूण म्हणून त्यांनीच पदराच्या गाठीतली काढून ठेवली होती. ती त्यांनी पेटीत टाकली नाही. तळहातावर घेतली आणि दुसऱ्या हाताने शिक्का मारला, बाद. पुस्तकावर तो मारता येत होता. त्यांच्या हाडांत मात्र ती चौदावी आवृत्ती जन्मभर प्रमाण राहणार होती.

संध्याकाळी देवापाशी त्यांनी तीच वात निरांजनात घातली. पानांत दबून ती चपटी झाली होती, तिला तूप ओढायला वेळ लागला. अवधूतराव जवळ येऊन उभे राहिले. रोजच्या मोजलेल्या वातींची परडी तशीच भरलेली बघून त्यांनी विचारलं, ही वेगळी कुठली?

“ही मोजण्यातली नाही,” ताई म्हणाल्या, आणि ती विझेपर्यंत तिथून हलल्या नाहीत.