नर्मदाबाईचं बाराचं रेकॉर्डिंग

बस. बारा वाजायला अजून वेळ आहे. उद्यापासून या खुर्चीवर तू बसणार, म्हणून सांगते. सर तुला यातलं काही सांगणार नाहीत.

मी वालूरला गेले ती एक पेटी परत आणायला. एवढंच काम होतं. पेशंटच्या छातीत, कातडीखाली, बोटाच्या पेरापेक्षा लहान यंत्र बसवलेलं असतं. ते ठोक्यांची नोंद ठेवतं आणि खाटेजवळची पेटी ती नोंद आपल्या या कॉम्प्युटरला पाठवते. पेशंट पेटीजवळ असला तरच. तो दोन खोल्या लांब गेला की पेटी मुकी होते.

पेशंट होती नर्मदाबाई. ती गेल्यावर महिनाभराने मी इथे रुजू झाले. तिच्या हृदयाची भिंत जन्मापासून जाड, ठोके मधेच उधळायचे, बाई शेतात पडायची आणि उठून पुन्हा कामाला लागायची. तिच्या जुन्या नोंदी पाहिल्या आणि माझं डोकंच फिरलं. हिला शॉकचं यंत्र बसवा, ठोके उधळले की झटका देऊन ताळ्यावर आणणारं, हे कुठल्याही शिकाऊ डॉक्टरने सांगितलं असतं. दिनकरराव सरांनी बसवलं नाही. ते बसवलं तर आजार आपल्या वाटेनं कसा जातो ते दिसत नाही, आणि सरांचं अख्खं करिअर त्या वाटेवर उभं आहे. परिषदांमध्ये पडद्यावर तिचं हृदय भिंतीएवढं धडधडायचं आणि लोक टाळ्या वाजवायचे. तिची शेवटची नोंदही सरांनी दाखवली. तेव्हाही टाळ्या पडल्या. मी त्या सभागृहात होते. माझे हात मांडीवर होते.

तर, वालूर. चैत्राचं ऊन, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. तिचा नवरा परमेश्वर ओसरीत बसला होता. मी पेटीचं नाव काढलं तरी तो जागचा उठला नाही.

"तेवढी पेटी ऱ्हाऊ द्या, मॅडम."

"का?"

"दिवा लागायलाय तिचा. रोज, बाराला."

मला वैताग आला. बाराची वेळ नर्मदाबाईसाठीच लावलेली होती. उन्हाळ्यात ती रात्री अंगणात झोपायची, पेटी आतल्या खोलीत, म्हणून दुपारी ती जरा आडवी व्हायची तेव्हाची वेळ धरली होती. पण ती आता कुठे होती? मी विचारलं, तिच्या छातीतलं यंत्र कोणी काढून घेतलं का. आपल्याकडे नियम आहे, दहनाआधी यंत्र काढायचं, नाहीतर आगीत ते फुटतं.

"आमच्यात जाळत न्हाईत," परमेश्वर म्हणाला. "आमी पुरतो. बसवून. कुनी काढलं न्हाई, कुनी सांगितलंबी न्हाई."

पुरलेली जागा गावाबाहेर, ओढ्यापलीकडे होती. मी आत गेले. खोलीत अंधार होता, विभूतीचा वास होता आणि त्याखाली दुसरा एक वास… ओल्या मातीचा. बाहेर जमिनीला भेगा पडल्या होत्या. खाटेवर त्यांची मुलगी निकिता झोपली होती. उशाशी पेटी. तिचा हिरवा दिवा लागला, बारीक लुकलुकला आणि विझला. पेटीने कुणाची तरी नोंद घेतली होती.

"निकिताच्या छातीत काही बसवलंय का?" मी विचारलं.

"न्हाई वो. तिला नुसतं तपासून गेलते तुमचे सर. पोरगीबी आता चकरा येऊन पडायलीय. सर म्हनले, पाहू." "हिच्या मायलाबी तसंच म्हनायचे… पाहू."

मी पिशवीत नेहमी असतं ते सोनोग्राफीचं छोटं मशीन मुलीच्या छातीवर टेकवलं. तीच जाड भिंत. आईचीच. अंगणात येऊन मी सरांना फोन लावला आणि म्हणाले, मुलीला घेऊन येते, यंत्र बसवायचंय.

"राजेश्री, घाई नको," सर म्हणाले. "औषधही सुरू करू नकोस. आईनंतर मुलगी, अशी जोडी कुणाकडेच नाही."

जोडी म्हणाला तो माणूस. बैलांची असते तशी. मी फोन कापला, पेटीचा प्लग उपटला, निकिताला आणि परमेश्वरला गाडीत घातलं आणि परभणी गाठली. रस्त्यात मुलगी एकदाच म्हणाली, "मॅडम, खिडकी लावता का? मातीचा वास यायलाय." काच लावलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी याच खोलीत निकिताला डाव्या कुशीवर झोपवलं. पडदे ओढलेले, दिवे बंद, फक्त स्क्रीनचा उजेड. विभागप्रमुखांच्या परवानगीशिवाय यंत्र बसवता येत नाही, आणि विभागप्रमुख सरच. परमेश्वर दाराशी हात जोडून उभा होता, आणि त्या जोडलेल्या हातांची मला इतकी चीड आली की मी त्याला बसा म्हणून ओरडले.

सर शांतपणे सोनोग्राफीचा प्रोब तिच्या छातीवर फिरवत होते. "सुंदर," ते म्हणाले. "अगदी सुंदर."

"सर, ती मरेल."

"कदाचित. आपण पाहू."

तेवढ्यात बारा झाले आणि या कॉम्प्युटरवर घंटा वाजली. नवीन नोंद आली होती. नाव, नर्मदाबाई. पेटी माझ्या टेबलाच्या खणात होती, वायर गुंडाळून, प्लगशिवाय. मी ती नोंद उघडली. आता उधळलेले ठोके दिसणार असं मला वाटलं. पण ताल सरळ होता. धीमा, वयस्कर. काही ठोक्यांनंतर एक घाईचा ठोका, मग लांब थांबा. पुन्हा तसंच.

सरांनी प्रोब खाली ठेवला.

हा ताल इथल्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ आहे. पहिल्या तासाला सर स्वतःला वायरी लावून घेतात आणि हसत म्हणतात, बघा, माझं हृदय उचकी देतं, पण निरुपद्रवी आहे.

"हे माझं आहे," सर म्हणाले. "राजेश्री, हे… माझं कसं?"

त्यांचा हात आपोआप शर्टाच्या आत गेला आणि तिथेच थांबला. मी बटणं काढली. डाव्या बाजूला, जिथे आपण यंत्र बसवतो तिथेच, कातडीखाली पेराएवढा उंचवटा होता. चीर नाही, टाका नाही. मी बोट ठेवलं तेव्हा तो कडक लागला, आणि गार. भोवतालच्या कातडीवर ओली काळी माती होती.

परमेश्वर दारातून पाहत होता. तो ओरडला नाही, पुढेही आला नाही. "नर्मदे," तो हळूच म्हणाला, घरात बायकोला हाक मारावी तसा, "पोरीचं होऊ दे आदी."

सरांनी परवानगी दिली. बोलून दिली, सही नंतर केली. निकिताला त्याच संध्याकाळी शॉकचं यंत्र बसवलं. गेल्या महिन्यात ती पडली, यंत्राने झटका दिला, आणि ती उठून बसली. आता सेलूला कॉलेजात जाते. ती जगली याचा मला आनंद आहे, आणि त्यासाठी मेलेल्या बाईला यावं लागलं याचा राग माझ्या डोक्यातून जात नाही.

सरांचं विचारशील तर, ते हैदराबादला जाऊन आले, मुंबईला जाऊन आले. मोठमोठ्या डॉक्टरांनी त्यांचे एक्स-रे काढले. उंचवटा बोटाला लागतो, एक्स-रेमध्ये तिथे काहीच नसतं. ठोक्यांतही ती जुनी उचकी सोडून काही नाही. मला शॉकचं यंत्र बसवा म्हणून सर त्यांच्या पाया पडले. सगळे त्यांना प्रेमाने एकच सांगतात. घाबरू नका, गरज दिसत नाही, आपण पाहू.

आणि इथे रोज बाराला नर्मदाबाईच्या नावाने नोंद येते. आधी नुसती उचकी होती. मग एक दिवस ठोके चार-पाच क्षण उधळले. मग जास्त. मी दरवेळी सरांना सांगते, दरवेळी इतर डॉक्टरांना पाठवते. माझं कर्तव्य मी करते. त्यांच्याकडे उघडली की तीच नोंद कोरी दिसते.

ऐक, शेजारच्या केबिनची कडी लागली. या वेळेला सर आतून लावून घेतात. तू घाबरू नकोस, नुसती स्क्रीनकडे बघ. आज परमेश्वरचा सकाळीच फोन येऊन गेला. तो नर्मदाबाईला पुरलं तिथल्या मातीला पाणी घालायला गेला होता. म्हणाला, मॅडम, जागा खाली बसलीय… आत कुनीच नसल्यावानी.