सुभेदारांचं ‘घ्या’

सुभेदार जोतीराम ‘घ्या’ म्हणाले की माल खपायचा, आणि ‘ठेवा तितंच’ म्हणाले की दुकानदाराच्या तोंडचं पाणी पळायचं! त्यांच्या तोंडून तो एक शब्द मिळवायला नुजहत त्या दिवशी सांबरकड्याच्या वाटेला लागली होती.

नेसरीकडचे हे सुभेदार फौजेतून निवृत्त झाले आणि शेतात त्यांचं मन काही रमेना. मग त्यांनी मोबाइलवर आपला कार्यक्रम सुरू केला. चाकू, विजेऱ्या, पाठपिशव्या, बूट, जे जे जवानांच्या उपयोगाचं म्हणून विकलं जातं ते घ्यायचं, रानात न्यायचं, त्याचे हाल हाल करायचे आणि शेवटी कॅमेऱ्याकडे बघून निकाल द्यायचा. सीमेवरचे जवान त्यांच्या शब्दावर डोळे झाकून विश्वास ठेवत. कौतुक करून घ्यायला पाकीट घेऊन आलेल्या एका पावण्याला त्यांनी चहा पाजून वाटेला लावलं होतं.

नुजहत कसबा बावड्याची. तिचे अब्बा, गैबी, टांग्याच्या घोड्यांचे साज शिवायचे. टांगे गेले, साज गेले, पण कातड्याची पारख घरात उरली. त्याच पत्र्याच्या शेडमध्ये नुजहतनं फौजी बूट करायला घेतले. कारणही घरातलंच होतं. तिचा धाकटा भाऊ अझीम फौजेत. मागच्या हिवाळ्यात बर्फातल्या चौकीवर, हौसेनं विकत घेतलेल्या भारीतल्या बुटांत पाणी शिरलं आणि त्याच्या पायाची बोटं जाता जाता वाचली. ती काळीनिळी बोटं पाहिल्यापासून या बाईला चैन नव्हतं. तिनं बुटाच्या तळाला शिलाईच ठेवली नाही, कारण टाक्याच्या भोकातून पाणी आत येतं. तळ नुसता चिकटवला. मग बूट पाण्यात बुडवले, बर्फाच्या कारखान्यात ठेवले, चुलीपाशी तापवले. तळ हलला नाही. पहिला जोड अझीमला गेला. सुभेदार ‘घ्या’ म्हणाले की त्याच्या सगळ्या पलटणीला हे बूट जाणार होते.

तिसरी होती संयोगिता. कडे चढण्यात तिचा हात कोणी धरत नव्हतं. दोर तिचा, कॅमेराही तिच्याच हातात. तिघांच्याही पायात नुजहतचेच बूट होते.

पहाटेच त्यांनी पायथ्याच्या वाडीत जीप सोडली. पावसाळा सरत आला होता, तरी ओढे अजून फुगलेलेच होते. कारवीच्या रानातून जाताना पानापानावरून जळवा अंगावर पडत होत्या. सुभेदार मुद्दाम ओढ्यात उभे राहिले, चिखलात नाचले, दगडावर पाय आपटून बघितले.

“काका, पाणी आत आलं का?” नुजहतनं दहाव्यांदा विचारलं.

“आगं, जरा दम खा की! परीक्षा माझी हाय का तुझी?” सुभेदार हसले. “मोजा कोरडा हाय बघ. आन मऊ किती! आपल्या कोल्हापूरचं कातडं हाय, चेष्टा न्हाय.”

नुजहतचा जीव सुपाएवढा झाला. तरी तिला स्वस्थ बसवेना. सुभेदार बसले की ही उभी, ते उभे राहिले की ही चार पावलं पुढे!

चढ संपला आणि सडा लागला. नजर पोचेल तिथवर काळा जांभा, त्यावर गुडघ्याएवढं गवत आणि मधूनच पळणारं धुकं. सड्याच्या कडेला शेंदूर फासलेला म्हसोबाचा धोंडा होता. अख्ख्या डोंगरात मोबाइलला रेंज असायची ती तेवढ्या धोंड्यापाशी. तिथं पोचताच नुजहतचा फोन वाजला. अझीम!

“आपा, आज दुपारी वर चौकीवर निघतोय. आता महिनाभर फोन न्हाय. तुझे बूट एकदम तयार ठेवलेत बघ, चकाचक! सगळ्या पलटणीला दाखवून झाले.”

“जप रे बाबा,” ती म्हणाली. मनातून मात्र ती फुलून गेली होती.

सड्यापलीकडे घळ उतरली की सांबरकडा. इथली वाट म्हणजे कड्याच्या पोटातली पाऊलभर रुंदीची पट्टी, तीही शेवाळलेली. उजवीकडे भिंत आणि डावीकडे धुक्यानं भरलेली दरी. सुभेदारांची शेवटची कसोटी नेहमी इथंच असे. या पट्टीवरून पलीकडे जाऊन परत आलेला बूट पास!

“मी आधी जातो, दोर बांधतो, मग काका येतील,” संयोगिता म्हणाली. कोल्हापूरच्या पोरी अशाच बोलतात, जातो-येतो. “नुजहत, तू अलीकडं थांब. मागचा दोर झाडाला एक फेरा देऊन धर.”

संयोगिता मांजरासारखी पलीकडे गेली. सुभेदार निघाले. एक पाऊल. दुसरं. भिंतीला हात, नजर समोर. मधोमध आल्यावर त्यांनी उजवा पाय एका उतरत्या दगडावर ठेवला आणि सगळा भार त्यावर टाकला.

फर्र्!

बुटाचा तळ टाचेपासून उचकटला. पाय सटकला. सुभेदार गेले!

दोर नुजहतच्या हातातून सरसरत पळाला. तळहाताची आग झाली. “या अल्लाह!” ती ओरडली, पण दोर सोडला नाही. तिनं झाडाच्या बुंध्याला पाय लावला आणि अंग मागे टाकलं. दोर ताणला. थांबला! खाली सुभेदार कड्याला लोंबकळत होते. पलीकडून संयोगितानं आपला दोर आवळला.

“काका! लागलं का?”

“लागलं तर लागलं! वडा की आदी!” खालून आवाज आला. आवाज दणदणीत होता. दोघींच्या जिवात जीव आला.

दोघींनी मिळून त्यांना इंच इंच वर घेतलं. अलीकडच्या झाडाखाली ते येऊन टेकले तेव्हा कोपरं सोलवटली होती आणि मिशीत माती होती. मागोमाग संयोगिताही पट्टीवरून परतली. सुभेदारांच्या उजव्या बुटाचा तळ नुसता पुढच्या टोकाला लोंबत होता. सुभेदारांचा जीव जाता जाता राहिला होता, आणि तो घालवायला निघाला होता तिच्या हातचा बूट! तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिनं बूट हातात घेतला, उघड्या तळाशी नाक नेलं आणि ती थबकली. एरंडेलाचा वास! चिकट थर बोटाला लोण्यासारखा लागत होता.

“काका, याला काय लावलंत?”

“काय म्हंजे? त्याल!” सुभेदारांना प्रश्नच समजला नाही. “नवं पायताण हाय, त्याला त्याल पाजाय नको व्हय? आठवडाभर परातीत ठेवलंतं. कंपनीच्या बुटांना मी कवा हात लावत न्हाय. पर हे आपल्या कोल्हापूरचं, तुझ्या हातचं. म्हटलं, जरा मायेनं करावं.”

नुजहतनं पाणी, बर्फ, आग, सगळं तपासलं होतं. तेल तेवढं राहिलं! नवं पायताण घरी आणलं की आधी तेलात भिजवायचं, हे कोल्हापुरात कोणी कोणाला सांगत नाही, शिकवत नाही. तिच्या घरातही कोनाड्यात तेलाची वाटी कायम असायची. म्हणूनच ते तिला कधी दिसलं नाही.

आणि मग तिला अझीमचं फोनवरचं बोलणं आठवलं. तुझे बूट एकदम तयार ठेवलेत, चकाचक! अझीम लहानपणापासून त्याच वाटीतून आपल्या पायताणाला तेल पाजत आला होता.

“अझीम!” ती उठून उभी राहिली. “त्यानंपण तेल पाजलं असणार. तो दुपारी बर्फात निघालाय. काका, मला म्हसोबापाशी जायला पाहिजे. आत्ता!”

बर्फात तळ उघडला तर पायाचं काय होतं हे सुभेदारांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. त्यांनी पाठपिशवीचा पट्टा कापला, तळ पायाला करकचून बांधला आणि लंगडत निघाले. “चल!”

घळ चढून तिघं सड्यावर आली. समोर म्हसोबाचा धोंडा दिसत होता. आणि त्याच्या अलीकडे, वाटेवरच, गवा उभा होता!

एकटा, काळाभोर, पायात पांढरे मोजे घातल्यासारखा. त्यानं मान वर केली आणि नाकातून फुस्स केलं.

“हलू नका,” सुभेदार पुटपुटले. “एकटा हाय. एकटा गवा लई वाईट.”

तिघं जागीच बसली. गवा चरू लागला. निवांत, घरचं रान असल्यासारखा. वेळ जात होता. सूर्य धुक्याआडून वर सरकत होता. नुजहत ओठ चावत होती, गवत उपटत होती, पुन्हा पुन्हा फोन बघत होती. रेंज नाही! एकदा ती उठलीच. संयोगितानं तिला खांद्याला धरून खाली दाबलं.

“मेलीस तर फोन कोण करणार?” ती कानात म्हणाली. “सड्याच्या कडेखालून जाऊया. धबधब्याच्या बाजूनं. दोर हाय की.”

कडेखालून म्हणजे पाण्याच्या माऱ्यातून. पाण्याच्या आवाजात एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. संयोगिता पुढे, नुजहत मधे, सुभेदार मागे. भाजलेल्या तळहातांनी ओला दोर धरवत नव्हता. नुजहतनं ओढणी फाडून हातांना गुंडाळली. पाण्याचा लोट पायावरून गेला. तिचे बूट मात्र दगडाला घट्ट धरून होते. त्यांना तेल लावलेलं नव्हतं! एक पकड, दुसरी पकड, गवताचा झुबका, जांभ्याची कड... आणि वर!

म्हसोबाच्या धोंड्याला टेकून तिनं फोन लावला. लागला नाही. पुन्हा. नाही. पलीकडे गवा मान वर करून बघत होता. तिसऱ्यांदा घंटी वाजली.

“आपा? गाडी सुरू झालीय, ठेवतो—”

“अझीम, बुटांना तेल पाजलंस?”

“मग! आठ दिवस पाजतोय. लोणी झालंय नुसतं!”

“काढ ते बूट! आत्ताच्या आत्ता काढ आणि सरकारी घाल. तेलानं तळ सुटतोय. काका आत्ता कड्यावरून पडता पडता वाचले.”

“आपा, अगं सगळ्यांना सांगून ठेवलंय मी. माझ्या बहिणीनं केलेत म्हणून. आता काय तोंड दाखवू?”

“माझी लाज जाऊ दे, तुझी बोटं राहू दे. काढ!”

मग नुसता गाडीचा आवाज येत राहिला. कोणीतरी हाक मारली. नाडी सुटल्याची, काहीतरी आपटल्याची खडबड झाली.

“काढले,” अझीम म्हणाला. “सरकारी घातले. बघ, आता रडू नको.”

नुजहत ढसाढसा रडली. गव्याला तो आवाज आवडला नसावा. तो सावकाश वळला आणि धुक्यात निघून गेला.

वाडीत जीपपाशी आल्यावर सुभेदारांनी तोंड धुतलं, मिशी पुसली आणि कॅमेरा लावायला सांगितला. हातात तो फाटका बूट घेतला.

“जवानांनो, चूक माझी हाय,” ते कॅमेऱ्याला म्हणाले. “बूट चांगला. पान्यात कोरडा, दगडावर घट्ट. मी त्याल पाजलं म्हणून तळ सुटला. तुमी तेवडं त्याल लावू नका. बाकी बिनधास्त घ्—”

“थांबा काका!”

नुजहत कॅमेऱ्यासमोर आली. हाताला ओढणीची चिंधी, केसात गवत. ज्या शब्दासाठी इतके महिने जीव टाकला तो अर्धा बाहेर पडला होता!

“तेल लावू नका असं सांगून भागत नाही,” ती म्हणाली. “माझा भाऊ लावतो. काकांनी लावलं. आमच्याकडचा प्रत्येक पोरगा लावणार, कारण घरी असताना तो तेच करत आलाय. तेलात टिकत नाही तो बूट आमचा नाही.” मग तिनं सुभेदारांचाच शब्द उच्चारला. “ठेवा तितंच!”

संयोगितानं कॅमेरा बंद केला. सुभेदार बराच वेळ बूट उलटासुलटा करत राहिले. मग त्यांनी तो नुजहतच्या हातात दिला.

“फुडचा जोड कर,” ते म्हणाले. “त्येलाचा डबा मी घेऊन येतो.”