अनीशचा दहावा

मे महिन्यातल्या एका दुपारी निवेदिता लघाटे कॅमेरावाल्या नचिकेतच्या घरून हार्ड डिस्क आणायला निघाली. काम रोजचंच होतं. इंदूरभरच्या लग्नांचे व्हिडिओ ती एडिट करायची. हळद, वरात, पाठवणी, सगळं चार मिनिटांत बसवून द्यायची. या वेळी मात्र लग्न नव्हतं, दहावा होता. तोही तिच्या धाकट्या भावाचा, आणि भाऊ चांगला धडधाकट जिवंत होता.

अनीश बावीस वर्षांचा. हिप हॉप गायचा. त्याने इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षी सोडलं तेव्हा बाबा भरल्या ताटावर म्हणाले होते, "आजपासून तू मला मेलास." बाळकृष्ण लघाटे म्हणजे महूच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. एकदा लिहिलेलं पुसायची त्यांना सवय नव्हती. अनीशही त्यांचाच मुलगा. तो भांडला नाही, रडला नाही. त्याने त्यावर गाणं लिहिलं.

'बाप बोला मर गया, तो मातम क्यों अधूरा?
आओ मेरे दहावे पे, खाना मिलेगा पूरा.'

चाल अशी, की एकदा कानात शिरली की दिवसभर जिभेवरून उतरायची नाही. आईने ती ऐकली आणि हातातली पळी खाली ठेवली. "अभद्र बोलू नये रे. वास्तू तथास्तु म्हणते."

"म्हणू दे की, आई. त्या बहाने कोणीतरी हो तर म्हणेल मला."

व्हिडिओ देवासच्या रस्त्याकडच्या एका ओसाड घाटावर शूट झाला होता. निवेदिताने तो कंप्यूटरवर लावला. घाटाच्या पायऱ्यांवर पंगत बसलेली. जेवणाऱ्या सगळ्यांच्या तोंडावर अनीशच्याच फोटोचे मुखवटे. पानं रिकामी, तरी सगळ्यांचे हात एका लयीत तोंडाकडे जातायत. झाडाला उलट्या टांगलेल्या खुर्च्या. आणि मधोमध पांढऱ्या धोतरात, अर्धं डोकं भादरलेला अनीश स्वतःचेच पिंड मांडतोय. त्याच्या समोर एक म्हातारे गुरुजी मंत्र सांगतायत.

नचिकेतने बजावलं होतं, "ताई, कावळा काही आला नाही यार. दोन घंटे थांबलो. तो तू कंप्यूटरवर बनवून टाक."

तिला बनवावा लागला नाही. कावळा होता. पायऱ्यांवरून चालत आला, एका पिंडाला चोच लावली आणि शांतपणे निघून गेला. तिने नचिकेतला फोन केला.

"मस्करी नको करू यार," तो म्हणाला. "कॅमेऱ्यामागे मीच होतो. एक पक्षी नव्हता तिथे."

"बरं, आणि हे गुरुजी कुठून आणलेस?"

"मी कुठे? अनीशने आणले ना…"

अनीश मागेच उभा होता. तो हळूच म्हणाला, "मी नाही आणले. मला वाटलं, नचिकेतचे कोणी असतील. आले, बसले, सुरू झाले."

निवेदिताने आवाज वाढवला. गुरुजी एकसुरी आवाजात अनीशचं नाव घेत होते, मग गोत्र, मग बाबांचं नाव, आजोबांचं, आणि मग आणखी एक: कृष्णराव.

रात्री जेवताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं. बाबांचा घास थांबला. "माझे आजोबा. होळकरांच्या फौजेत होते. तुला हे नाव कोणी सांगितलं?"

तिने त्या रात्रीच डिस्क पुसून टाकायला हवी होती. तिला तसं वाटलंही. पण अनीश म्हणाला, "ताई, हेच तर खरं आहे यात. राहू दे ना, प्लीज." आयुष्यात पहिल्यांदाच त्याचे डोळे असे चमकत होते. तिचं मन झालं नाही.

व्हिडिओ आला आणि आठ दिवसांत वणव्यासारखा पसरला. शिव्या आल्या, माफी मागा म्हणून पत्रकं निघाली, आणि पोरं कॉलेजच्या गेटवर तेच गाऊ लागली. निवेदिता अनीशला घेऊन रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत गेली. साबुदाणा खिचडीच्या गाडीपाशी चार मुलं टाळ्या वाजवत त्याचंच गाणं म्हणत होती. अनीश त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला, हसला. मुलं त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहत गात राहिली. गाडीवाल्याने निवेदिताला एकच द्रोण दिला.

"भैया, दो बोले थे."

"एक ही तो हैं आप, दीदी."

अनीशने ते हसण्यावारी नेलं. "घे. गाणं फेमस, मी नाही." पण घरी येईपर्यंत तो दुकानांच्या काचांत स्वतःला बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या फोनने त्याचा चेहरा ओळखला नाही. तिसऱ्या दिवशी आईने तीनच पानं घेतली.

"आई, अनीशचं?"

आई वाटी हातात धरून उभी राहिली. कपाळाला आठ्या पडल्या. "अगं हो की… कसं विसरले मी." तिने चौथं पान घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीनच. या वेळी निवेदिताने सांगितल्यावर तिने विचारलं, "पाहुणे यायचेत का कोणी?"

निवेदिताने व्हिडिओ काढून टाकला. पण तोवर त्याच्या हजार नकला जगभर फिरत होत्या. त्यातली एक तिने उघडून पाहिली. पिंडांपुढचा अनीश धुतल्यासारखा फिका झाला होता. त्याच्या छातीतून मागच्या पायऱ्या दिसत होत्या. कावळा मात्र काळाकुळकुळीत होता.

"कावळा शिवला म्हणजे काय असतं, माहितीये ना?" अनीश म्हणाला. "इच्छा उरली नाही, गेला तो सुटला. पण ताई… माझ्या तर सगळ्याच बाकी आहेत. अजून काहीच केलं नाहीये मी."

तो पाठमोरा उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. तिने त्याचा हात धरला आणि त्याला थेट बाबांच्या खोलीत नेलं. ज्याने शब्द टाकला, त्यानेच तो परत घ्यायला हवा. दुसरा उपाय तिला सुचत नव्हता.

बाबा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. भर सकाळ होती, खोलीभर ऊन होतं.

"बाबा, म्हणा की तो तुमचा मुलगा आहे. जिवंत आहे म्हणा. मोठ्याने म्हणा."

बाबांनी चष्मा काढला. त्यांना अजून आठवत होतं. "रोज म्हणतो गं मी मनात. ज्या दिवशी बोललो, त्याच दिवसापासून म्हणतोय. बोलाव त्याला. कुठाय तो?"

"बाबा, समोरच तर उभा आहे मी," अनीश म्हणाला.

बाबांची नजर भिंतीवर गेली, दारावर गेली, निवेदिताच्या चेहऱ्यावर आली. त्यांनी दोन्ही हात पुढे केले, आंधळ्यासारखे. "अनीश… आहेस का रे? कुठे बघू, सांग ना. चुकलं माझं. कुठे बघू?"

अनीशने त्यांच्या गुडघ्यांना मिठी मारली. बाबा तसेच हवेत चाचपडत राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हळूहळू हात खाली आले. त्यांनी गाल पुसले, ओल्या बोटांकडे नवलाने पाहिलं आणि विचारलं, "काय गं निवेदिता, काही काम होतं का?"

त्यांच्या पायाशी बसलेला मुलगा उठला. त्याच्या चेहऱ्याकडे पाहण्याचं तिचं धाडस झालं नाही. पण पाहावंच लागलं. कारण आता पाहणारी ती एकटीच उरली होती.

पुढचे दोन दिवस ती त्याच्या खोलीत बसून राहिली. त्याचं उजवं मनगट तिने आपल्या हातात घट्ट धरलं होतं. जेवण तिथेच. तिला झोप येऊ लागली की अनीश गायचा. ते गाणं नाही. लहानपणी दोघं इंदूरच्याच लालबागेतल्या मेळ्यात पाळण्यात बसून ओरडत ती गाणी. त्याचा आवाज दूरच्या रेडिओसारखा येत होता, मधेच खरखर, मधेच काहीच नाही. त्याच्या अंगाला ओल्या मातीचा आणि शिळ्या भाताचा वास येऊ लागला होता.

"भीती वाटते का रे?" तिने विचारलं.

"तुला मी दिसत नाही तेव्हा… वाटते."

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास बेल वाजली. आई मंदिरात गेली होती, बाबांना ऐकू कमी यायचं. बेल वाजतच राहिली. सिलेंडरवाला होता.

"जा," अनीश म्हणाला. "एक मिनिट तर लागेल. मी मोठमोठ्याने गात राहतो."

ती उठली. गाणं ऐकत ऐकत तिने दार उघडलं, सिलेंडर आत घ्यायला सांगितला, त्याने मागितलेला नंबर फोनमध्ये पाहून सांगितला. दार लावलं. घरात शांतता होती. ती पॅसेजमध्ये थोडी घुटमळली. कशासाठी तरी आत जायचं होतं. मग आठवलं, कपडे वाळत घालायचे होते. ती गच्चीकडे वळली. उजव्या हाताची बोटं आखडली होती, काहीतरी गोल धरल्यासारखी. तिने ती चोळली, पण पूर्ण उघडली नाहीत.

पावसाळा सरत आला तरी बोटं तशीच होती. शेवटी निवेदिता हाडांच्या डॉक्टरांकडे गेली. दुपारची वेळ, बाहेरच्या बाकावर गर्दी नव्हती. शेजारी कॉलेजातली एक मुलगी मोबाईलवर व्हिडिओ पाहत होती. ओसाड घाट, पायऱ्यांवर पंगत, झाडाला उलट्या खुर्च्या, मधोमध कोणीच नाही. एडिटिंग झकास आहे, असं निवेदिताच्या मनात आलं. कोणी केलंय कोण जाणे.

मुलगी तिच्याकडे वळून पाहू लागली होती. "दीदी, आप ये क्या बोल रही हैं?"

"मी? कुछ भी तो नहीं."

"बोल रही थीं. इस वीडियो में तो आवाज़ है ही नहीं. पर आपके होंठ एकदम बीट पे चल रहे थे. मराठी है ना? फिर से बोलिए."

आणि निवेदिताच्या तोंडून शब्द आपोआप निघाले, "इथे सगळे पानांवर बसलेत, ताई, आणि कोणी वाढत नाहीये. सगळ्यांना माझंच तोंड आहे."

"मतलब?"

तिने हिंदीत सांगितलं.

"बाप रे. किसने लिखा है?"

"पता नहीं."

"और ये ताई मतलब?"

"बड़ी बहन."

"अच्छा. छोटा भाई है आपका?"

"नहीं," ती चटकन म्हणाली. "मैं अकेली हूँ."

आतून तिच्या नावाचा पुकारा झाला. ती उठली. तेवढ्यात पुढची ओळ तिच्या ओठांवर आली. या वेळी निवेदिताने दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून धरले. ओळ तरीही पूर्ण झाली.