आबांच्या मनगटावरची पावलं

सोमवारपासून गुरुवारपर्यंत महिपती आबा तळेगावच्या दवाखान्यात पलंगाला खिळून होते. विमा कंपनीच्या म्हणण्यानुसार मात्र याच दिवसांत आबा डोंगर पालथे घालत होते.

"दोन्ही खरं कसं असेल?" प्रतीक्षाने विचारलं. कुसगावच्या एका हॉटेलात ती रिसेप्शनवर होती. ड्यूटी संपवून ती थेट इथे आली होती.

समोर सारिका गराडे बसली होती. कुसगावात चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर तिचं खाजगी तपासाचं ऑफिस होतं. शेजारी तिचा सहकारी याह्या मुलाणी. याह्या पूर्वी रेल्वेत तिकीट तपासनीस होता. माणूस खोटं बोलतोय हे आपल्याला चेहऱ्यावरून कळतं असा त्याचा दावा होता. तो बहुतेक वेळा चुकायचा.

"सुरुवातीपासून सांगा," सारिका म्हणाली.

"सासऱ्यांसाठी आरोग्य विमा घ्यायचा होता. एका पॉलिसीचा हप्ता जास्त होता, पण कटकट नव्हती. दुसरीत मनगटावर बँड घालायचा, जितकं चालाल तितकी हप्त्यात सूट. मी दुसरी निवडली. पैशासाठी नाही हो. म्हटलं, त्या निमित्ताने आबा चालतील."

"चालले?"

"भरपूर! दिवाळीनंतर तर दुप्पट." तिच्या आवाजात अभिमान होता. मग तो ओसरला. "तरीही छातीत कळ आली. हृदयाच्या नळ्या तुंबल्यात, बायपास करायला हवी म्हणतात. आणि कंपनी म्हणते, माणूस ॲडमिट नव्हताच, बँडवर पावलं आहेत, क्लेम बोगस आहे. आता पॉलिसीच रद्द करणार. मग ऑपरेशन कशाच्या जोरावर करायचं? या वयात, असं हृदय घेऊन गेलं तर दुसरी कंपनी दारात उभं करणार नाही."

सारिकाने प्रतीक्षाचा मोबाईल हातात घेतला. बँडचे आकडे तिथे दिसत होते. सकाळी चढती पावलं, दुपारी लांबलचक विसावा, संध्याकाळी पुन्हा चाल. विसाव्यातसुद्धा अधूनमधून चार-दोन पावलं पडलेली. फक्त मंगळवार जवळजवळ कोरा होता.

"नाडीचे ठोके दिसत नाहीत."

"आबा बँड सैल घालतात, असं आम्हाला वाटलं."

"कधीपासून?"

प्रतीक्षाने मागचे महिने पाहिले. "दिवाळीनंतर. आधी दिसायचे."

"हे आकडे तुमच्याकडे येतात कसे?"

"आबांच्या फोनमधून. तो गावी गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात असतो, तिथेच रेंज मिळते. बँड जवळ आला की आकडे येतात. रोज दिवस मावळताना."

"दवाखान्यातल्या दिवसांतही?"

"हो. तेव्हाही."

जिना उतरताना याह्या म्हणाला, "कोणीतरी सूट मिळवायला बँड घालून हिंडत होतं. घरातलाच माणूस."

"बघू," सारिका म्हणाली.

*

टाकव्याच्या पुढे आंदर मावळात रस्ता अरुंद होत जातो. सारिका आणि याह्या आबांच्या वाडीत पोचले तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. अंगणात तांबूस रंगाची एक गाय बांधली होती. आबांची बायको झुंबरबाई तिच्यापुढे पेंढा टाकत होती.

"तो पट्टा?" झुंबरबाईंनी हात झटकले. "या हाताला बांगड्या सोडून काय चढलं न्हाई कदी. अन् मी हिंडत व्हते म्हनं! मंगळवारी यष्टी आली न्हाई, टाकव्यापतुर चालत गेले, तितनं दवाखाना. रात्री येऊन धार काढली. कुटनं डोंगर चढनार?"

"आबा घरी आल्यावर काय केलं?"

"काय करनार! धड उभं ऱ्हाता येत न्हाई अन् गोठ्यात जाऊन बसले. तांबूच्या मानंला गोचिडाचं औषध लावत व्हते मी, तर म्हनले, तू जा, मी लावतो. आयकतील तर शप्पत."

आबांचा मुलगा, म्हणजे प्रतीक्षाचा नवरा आदिनाथ, पर्यटकांची जीप चालवायचा. आज सुट्टी टाकून थांबला होता. प्रश्न ऐकताच भडकला. "दिवसा जीपवर, रात्री दवाखान्यात बापाच्या उशाशी. स्टिअरिंगवर बसून डोंगर चढतात का, मॅडम?"

"हा नक्की खोटं बोलतोय," याह्या कुजबुजला. "कानाच्या पाळ्या लाल झाल्यात."

"उन्हात उभाय तो," सारिका म्हणाली.

शेजारचा सोपान वाडीची जनावरं चरायला न्यायचा. बँडचा विषय निघताच तो ओशाळला.

"मागितला व्हता, खोटं कशाला बोलू? आबाला म्हनलं, मला बी दे, म्या बी लय चालतो. न्हाई दिला."

"आबा दवाखान्यात होते तेव्हा तुम्ही डोंगरावर होतात?"

"सोमवारी गेलतो. मंगळवारी वरल्या आळीला बिबट्या दिसला. जनावरं कुनीच सोडली न्हाईत. म्या आपला काठी घिऊन दिसभर वाडीला चकरा मारल्या. बुधवारपास्नं परत डोंगर."

"तांबूला तुम्हीच नेता?"

"तिला कशाला न्यायला पायजे? सोडली की आपली आपन जाती, दिस मावळला की दारात. मानसापेक्षा शानी हाय."

याह्याच्या डोळ्यांत चमक आली. डोंगर, इच्छा, संधी, सगळं सोपानकडे होतं. त्याने सारिकाला कोपराने ढोसलं. तिने लक्ष दिलं नाही.

महिपती आबा ओट्यावर घोंगडीवर बसले होते. बँड मनगटावर होता.

"त्या दिवसांत हा कुठे होता, आबा?"

"गडबडीत घरीच ऱ्हायला. कुनी घिऊन हिंडलं, मला काय ठावं?" त्यांनी सरळ कानावर हात ठेवले.

सारिकाने तो काढून मागितला. याह्याने मध्येच घेऊन नाकाशी नेला. "दवाखान्याचा वास अजून गेला नाही की हो!"

तिनेही वास घेतला आणि बँड परत केला. "आबा, जरा अंगणात येता?"

आबा उठले. ओट्याच्या दोन पायऱ्या उतरून थांबले आणि डोंगराकडे बघत उभे राहिले. बघण्यासारखं तिकडे काही नव्हतं.

*

सारिकाने सगळ्यांना अंगणात बसवलं. प्रतीक्षाही दुपारची सुट्टी घेऊन पोचली होती.

"कंपनीचं म्हणणं आहे की बँड चालला, म्हणजे आबा चालले," सारिका म्हणाली. "आबा दवाखान्यात होते हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. मग बँड कोणाच्या अंगावर होता? मंगळवार बघा. त्या दिवशी बँड जागचा हललाच नाही म्हणायला हरकत नाही. झुंबरबाई त्या दिवशी टाकव्यापर्यंत चालत गेल्या. म्हणजे त्या नव्हेत. सोपानभाऊंनी दिवसभर वाडीला चकरा मारल्या. म्हणजे तेही नव्हेत. आदिनाथ जीपवर बसून असतो आणि रात्री तळेगावात असतो, पण आकडे रोज दिवस मावळताना या भिंतीपाशी येत होते. म्हणजे तोही नव्हे."

"मग उरलं कोण?" याह्या गोंधळला.

"मंगळवारी बिबट्यामुळे घरात कोण अडकून पडलं होतं?"

गाय पेंढा चघळत होती.

"सकाळी डोंगर चढायचा. दुपारी सावलीत बसून रवंथ करायचा, तेव्हा मान हलते आणि बँडला ती पावलं वाटतात. दिवस मावळताना दारात यायचं. नाडी लागणार नाही, कारण मध्ये केस आहेत. आणि याह्या, तो वास दवाखान्याचा नव्हता. गोचिडाच्या औषधाचा होता."

याह्याचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. सोपान मात्र खो खो हसत सुटला. "तांबू! तांबूला इमा!"

आदिनाथला काही हसू आलं नाही. "पण तिच्या गळ्यात बांधला कोणी? आम्ही तर सगळे दवाखान्याच्या धावपळीत."

"तेव्हा नाही बांधला," सारिका म्हणाली. "दवाखान्याच्या कितीतरी आधीपासून तो तिथेच होता. नाडी दिवाळीनंतर गेली आणि पावलं दिवाळीनंतरच दुप्पट झाली. कळ आली, आबांना उचलून नेलं, बँड गाईच्या गळ्यात राहिला. धड उभं राहता येत नसताना, तिच्या मानेला मीच औषध लावतो म्हणून हट्ट करणारा माणूस एकच आहे."

सगळे आबांकडे वळले. आबा जमिनीकडे बघत होते.

"दिवाळीच्या टायमाला चढ लागला की छातीवर धोंडा ठेवल्यागत व्हायचं," ते म्हणाले. "निम्म्या वाटंत बसाया लागायचं. सांगितलं असतं तर तुमी मला कुसगावला न्यून ठेवलं असतं. तांबू इकली असती. अन् सूनबाईचा रोज फोन यायचा. आबा, आज लय चाललात! लय खूस व्हायची. मग गोधडीच्या चिंधीत गुंडाळून तिच्या घंटीखाली बांधला. पुढं सांगायला त्वांडच ऱ्हायलं न्हाई."

"आणि क्लेम नाकारला, तेव्हाही गप्प बसलात?" प्रतीक्षाचा आवाज चढला. "ऑपरेशन हुकलं असतं, आबा! मेला असतात!"

आबांनी मनगटावरचा बँड काढून तिच्यापुढे धरला.

"दिवाळीपासून मी रोज एका गाईची तब्येत बघत होते," ती म्हणाली. "आकडे बघायचे आणि निर्धास्त झोपायचे. एकदा गावी येऊन तुमच्याबरोबर त्या बांधापर्यंत चालले असते, तर तेव्हाच कळलं असतं." तिला रडू फुटलं. झुंबरबाईंनी तिला जवळ घेतलं. एरवी सासू-सुनेचं फारसं पटत नसे.

सारिका कोरडेपणानेच म्हणाली, "कंपनीला सगळं खरं कळवायचं. दवाखान्यातलं राहणं खरं, ते दवाखाना सांगेल. चालण्याची सूट खोटी, ती परत करायची. आबांनी स्वतः सांगायचं. पॉलिसी टिकेलच, अशी खात्री मी देत नाही."

"सांगतो," आबा म्हणाले.

*

कंपनीचा माणूस स्वतः वाडीत आला. तांबूच्या गळ्यात बँड बांधून त्याने एक दिवस मोजला आणि जुन्या आकड्यांशी ताडून पाहिला. शेवटी सूट कायमची बंद झाली, दंडासकट परत भरावी लागली. पॉलिसी राहिली. क्लेम मंजूर झाला. याह्याने हा आपल्या चाणाक्ष नाकाचा विजय असल्याचं कुसगावभर सांगितलं.

ऑपरेशनसाठी निघायच्या आदल्या रात्री प्रतीक्षा वाडीतच मुक्कामाला राहिली. सकाळी जीप रस्त्यावर उभी होती, अंगणापासून थोडी वर. आबा निघाले, चार पावलं चालले आणि थांबून डोंगराकडे बघू लागले.

प्रतीक्षा त्यांच्याजवळ गेली. "आबा, दुखतंय का?"

"न्हा..." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या खांद्यावर हात टेकला आणि सगळा भार टाकला.

"व्हय," ते म्हणाले. "लय दुखतंय."