उजव्या बाजूचा आरसा

"अहो बाई, आरसा!"

मागून हाक आली तेव्हा ती दोन रांगांच्या मधल्या फटीतून सायकल काढत पुढे सटकली होती. पुलाखालच्या त्या सिग्नलला सकाळी गाड्या अशा खेटून उभ्या असत, की मुंगीनेही अंग चोरून जावं. पण तिचं कधी अडत नव्हतं. हँडलला आडवा येणारा आरसा पंजाने आत दुमडायचा आणि निघायचं, ही तिची रीत. दुमडलेला आरसा परत उघडायचा असतो, हे तिच्या गावीही नव्हतं.

तिने वळून पाहिलं. एका पांढऱ्या व्हॅनच्या खिडकीतून ड्रायव्हर अर्धा बाहेर आला होता.

"माझा कान पिरगळून निघालात," तो म्हणाला. "निदान सरळ तरी करा!"

"तुम्हाला हात नाहीत का?"

"आहेत ना. पण दुमडला कोणी?"

आजूबाजूचे लोक बघायला लागले, तशी ती चरफडत सायकल मागे घेऊन आली आणि तिने आरसा उघडला. आरशात तिला स्वतःचं घामेजलेलं तोंड दिसलं... आणि त्याच्यामागे हसू दाबणारं त्याचं.

"गालाला पीठ लागलंय," तो हळूच म्हणाला.

"पीठ नाही, प्लास्टर आहे. मी दात बनवते."

"कोणाचे?"

"ज्यांचे पडलेत त्यांचे. रोज असं अडवत राहिलात, तर तुमचेही बनवावे लागतील."

तो खदखदून हसला. धंद्याची सवय म्हणून तिची नजर आधी त्याच्या दातांवर गेली. वरचा एक दात शेजाऱ्यावर किंचित रेललेला होता. दुरुस्त करू नये असा दात तिने पहिल्यांदाच पाहिला.

तिच्या आत्याची कवळ्या बनवायची दोन खोल्यांची प्रयोगशाळा होती. आत्या मेणात दात बसवायची, ही घासून चकाकी आणायची आणि सायकलच्या मागे पत्र्याचा डबा बांधून दातांच्या दवाखान्यांत पोचवायची. तो मोठ्या लाँड्रीची व्हॅन चालवायचा, इस्पितळांच्या धुतलेल्या चादरी न्यायचा. दोघांचा रस्ता एकच, सिग्नल एकच.

दुसऱ्या दिवशी ती लांबून येताना दिसली आणि त्याने खिडकीतून हात काढून आरसा आपणच मिटून घेतला. जणू दरवानाने दार उघडावं! मग रोजच तसं होऊ लागलं. ती आली, की आरसा मिटायचा. ती खिडकीशी क्षणभर रेंगाळायची.

"आज कोणाचं हसू घेऊन चाललात?"

"एका मास्तरांचं. आणि तुम्ही कोणाची झोप?"

"सगळ्या इस्पितळाची. माझी मात्र उडालीय, त्याचं काय ते बघा..."

ती पायडल मारून पुढे जायची, पण कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. आत्याच्या नजरेतून काय सुटतंय! "सगळं जग हिरवा सिग्नल मिळावा म्हणून धावतं," आत्या म्हणाली. "लाल असताना पोचायची घाई असलेली तू पहिलीच."

आणि मग एका सकाळी नको ते झालं. पाऊस भुरभुरत होता. आरसा नेहमीसारखा मिटलेला, ती व्हॅनच्या मागच्या चाकापाशी पोचलेली. इतक्यात रांग हलली. पुढची गाडी बंद पडलेली पाहून त्याने व्हॅन उजवीकडे घातली. मिटलेल्या आरशात त्याला दिसणार काय? व्हॅनचा पत्रा हँडलला लागला, ती शेजारच्या गाडीवर आदळली, डबा उघडला आणि आतली कवळी ओल्या रस्त्यावर हसत पडली.

तो धावत आला. चेहरा धुतलेल्या चादरीसारखा पांढरा.

"काही नाही, कोपर खरचटलंय," ती म्हणाली. "कवळीही शाबूत आहे."

त्याने कवळी उचलून स्वच्छ रुमालात गुंडाळून तिच्या हातात दिली. मग मान खाली घालून तो व्हॅनमध्ये जाऊन बसला.

त्या दिवसापासून आरसा उघडाच राहू लागला. ती जवळ आली, की तो समोर बघायचा. चिडलाय, तिला वाटलं. असू दे. आपलं काय अडलंय? ती तोंड फिरवून खुशाल शेजारून निघून जायची, आणि घरी आल्यावर एकच दात पुन्हा पुन्हा घासत बसायची. शेवटी आत्याने तो हातातून काढून घेतला.

एकदा अशीच मान फिरवून ती फटीत शिरली आणि खाडकन आरशाला अडकली.

"अहो, जागा कुठे आहे इथे?" आतून आवाज आला. चेहरा तसाच, पण वयाने मोठा. आज व्हॅनवर त्याचा थोरला भाऊ होता.

"रोज असते की!"

"हां... म्हणजे सायकलवाल्या त्या तुम्ही! रोज असते, कारण आमचा शहाणा गाडी डाव्या कडेला चिकटवून उभी करतो. फुटपाथला घासून त्या बाजूचा रंग गेलाय सगळा. मालकाच्या शिव्या खातो, पण ऐकत नाही."

इतके दिवस आपण कुठेही न अडकता जात होतो... आणि मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

"आज कुठे आहेत ते?"

"लाँड्रीत. मालकाकडे दुसरा रस्ता मागतोय. म्हणतो, या रस्त्यावर माझ्या हातून तिला काही झालं, तर मी जगणार नाही."

ती उतरली, सायकल हाताने ढकलत कडेला आली आणि उलट्या दिशेने निघाली. दवाखान्यातून फोनवर फोन येत होते. येऊ देत!

लाँड्रीत सगळीकडे वाफ होती. तो एकटाच एका मोठ्या चादरीशी झटत होता. तिने चादरीची समोरची दोन टोकं उचलली. तो दचकला, पण हात थांबले नाहीत.

"मिळाला रस्ता?" तिने विचारलं.

"मालक सांगणार आहेत."

"मी डोळ्यांसमोर नको आहे का?"

"डोळ्यांसमोरच हव्या आहात!" तो एकदम म्हणाला. "वाट द्यायला म्हणून आरसा मिटला, आणि तुम्हीच दिसेनाशा झालात. त्या रात्री घास उतरला नाही माझ्या घशाखाली. मग काय तोंडाने बोलणार होतो?"

चादरीची घडी पडली. दोघं एक पाऊल जवळ आली.

"आरसे मिटायची खोड माझी," ती म्हणाली. "त्यात रांग कधी हलेल ते न बघता घुसले. आता असं करू... आरसा उघडाच राहील. मी मागे थांबेन. आरशात तुमचं तोंड दिसलं आणि तुम्ही मान हलवलीत, तरच पुढे येईन."

"आणि नाही हलवली तर?"

"तर थांबेन."

"कुठवर?"

"तू हलवशील तोवर."

तू... दोघांनीही तो शब्द ऐकला. शेवटची घडी घालताना बोटांना बोटं लागली आणि तशीच राहिली.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "गालाला पीठ लावून आलीस ना, त्या दिवसापासून."

"प्लास्टर," ती म्हणाली, आणि डोळे भरून आलेले असताना हसली.

आतून मालक ओरडले, "अरे, दुसऱ्या रस्त्याचं जमतंय बरं का!"

"नको!" दोघं एकदमच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती व्हॅनच्या मागे थांबली. आरशात तो दिसला, तो रेललेला दातही दिसला. त्याने मान हलवली, पण आडवी. सिग्नल सुटायच्या बेतात होता. ती थांबली. दिवा हिरवा झाला, आणि पूल पार होईपर्यंत ती त्याच्या मागून सावकाश पायडल मारत राहिली, आरशात बघत.

दातांच्या दवाखान्यात पोचायला उशीर झालाच. घरी परतल्यावर आत्याने कंबरेवर हात ठेवून कारण विचारलं.

"काय करणार, आत्या," ती म्हणाली. "आज सिग्नल हिरवा मिळाला."